सिन्नरहून नेपाळांत : मोटार आणि सीमा

सिन्नरच्या मनुष्यास परदेशी जाण्यासाठीं एके काळीं फार लांब जावें लागत नसे. पेठच्या बाजूनें घाट उतरलें कीं पोर्तुगीजांची नगर-हवेली लागे, आणि थोडें पुढें समुद्रकांठीं दमण. १९५४ सालीं दादरा व नगर-हवेली त्यांच्या हातून सुटली, १९६१ च्या डिसेंबरांत गोवा, दमण व दीव भारतांत आले, आणि तेव्हांपासून आपल्या बाजूच्या कोणत्याहि शिवेवर परकी चौकी उरली नाहीं. त्यानंतरच्या पिढ्यांना सीमा ठाऊक आहे ती विमानतळावरील रांगेपुरती. म्हणूनच घरची मोटार घेऊन दुसऱ्या देशांत जाण्याचा बेत निघाला म्हणजे चांगल्या शिकलेल्या कुटुंबांचाहि अंदाज चुकतो. माणसांच्या कागदपत्रांची ते अतोनात काळजी करतात आणि मोटारीच्या कागदपत्रांची मुळींच करीत नाहींत. वास्तविक काळजी नेमकी उलट असावयास हवी. तें कां, हेंच आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

सिन्नरहून स्वतःच्या गाडीनें गांठतां येईल अशी सर्वांत जवळची परकी भूमि आज नेपाळची आहे. नकाशावर पाकिस्तान जवळ दिसतो. पण ती सीमा आपल्या खासगी मोटारीस उघडी नाहीं, आणि भूतान व बांगलादेश पुष्कळच दूर पडतात. नेपाळांत शिरण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यांपैकीं आपल्या सोयीची गोरखपूरच्या उत्तरेस सोनौली येथील. पलीकडच्या चौकीचें नांव बेलहिया, आणि तेथून चार-पांच किलोमीटरांवर भैरहवा हें शहर. त्याचें सरकारी नांव सिद्धार्थनगर. बुद्धाचें जन्मस्थान लुंबिनी तेथून पश्चिमेस वीस-बावीस किलोमीटर. काठमांडूचा मोह पुष्कळांना होतो; परंतु पहिल्या खेपेस भैरहवा व लुंबिनी एवढाच बेत आंखावा असें माझें मत आहे.

रस्त्याविषयीं फार बोलण्याची आतां गरज राहिलेली नाहीं. समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा २०२२ च्या डिसेंबरांत खुला झाला, पुढील वर्षीं मे महिन्यांत तो सिन्नर तालुका ओलांडून भरवीरपर्यंत आला, आणि जून २०२५ मध्यें मुंबईकडील अखेरचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. पुणें-नाशिक रस्त्यावरील गोंदे येथें सकाळीं चढावें आणि दिवस मावळण्यापूर्वीं नागपूर गांठावें. सरळ व रिकाम्या रस्त्यावर डोळा लागतो आणि तापलेली टायरें दगा देतात, एवढें मात्र ध्यानांत असावें. दुसऱ्या दिवशीं पेंचच्या जंगलांतून जावयाचें, तेथें वन्य प्राण्यांना खालून जातां यावें म्हणून रस्ताच खांबांवर उचलून धरला आहे. मग शिवनी, जबलपूर, कटनी, मैहर करीत रीवा. तिसऱ्या दिवशीं प्रयागराजवरून गोरखपूर. एकंदर सीमेपर्यंत सुमारें सोळाशें किलोमीटर होतात.

आतां सीमेकडे वळूं. भारत आणि नेपाळ यांच्यामध्यें ३१ जुलै १९५० रोजीं जो मैत्रीचा तह झाला, त्याच्या सातव्या कलमानें एका देशाच्या नागरिकास दुसऱ्या देशांत राहणें, मालमत्ता बाळगणें, व्यापार करणें व हिंडणें-फिरणें या बाबतींत तेथील नागरिकासारखीच वागणूक मिळावी असें ठरलें. सतराशें किलोमीटरांहून अधिक लांबीची ही सीमा त्यामुळें आपल्यासाठीं उघडी आहे. सोनौलीस उभें राहिलें तर लोक भाजीची पिशवी घेऊन, सायकल हातांत धरून या देशांतून त्या देशांत जातांना दिसतात. व्हिसाचें नांव नाहीं. पारपत्र अथवा निवडणूक आयोगाचें मतदार-ओळखपत्र यांपैकीं एक जवळ असलें म्हणजे प्रौढ मनुष्याचें काम भागतें. आधारकार्ड सर्वांना चालतें ही समजूत खरी नव्हे. तें पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्टावरील वृद्धांना ओळखीदाखल चालतें. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठीं शाळेच्या मुख्याध्यापकांचा छायाचित्रासह दाखला घ्यावा. माणसांचें प्रकरण येथें संपलें.

पण तहानें जें दिलें तें माणसाला दिलें. मोटारीला दिलें नाहीं. मोटार ही जकातीच्या दृष्टीनें एक किंमती माल आहे. भारतांतील गाडी जकात न भरतां नेपाळांत नेऊन विकली जाऊं नये, ही तेथील सरकारची साहजिक चिंता. कारण नेपाळांत आयात मोटारींवरील कर फार जबर आहेत, आणि इकडे मध्यम समजली जाणारी गाडी तिकडे श्रीमंतीची ठरते. म्हणून बेलहियाच्या भन्सार कार्यालयांत, म्हणजे आपल्या भाषेंत जकात-कचेरींत, जितके दिवस राहावयाचें तितक्या दिवसांचें शुल्क आगाऊ भरून पावती घ्यावी लागते, आणि त्याबरोबर यातायात परवाना. गाडीचें नोंदणीपुस्तक, चालकाचा परवाना, विम्याचा कागद व प्रदूषण-तपासणीचा दाखला मूळ स्वरूपांत बरोबर असावेत, आणि प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती. वर्षभरांत मिळून तीस दिवसांपेक्षां अधिक काळ गाडी तेथें ठेवतां येत नाहीं, आणि हें वर्ष त्यांचें आर्थिक वर्ष, जें श्रावणाच्या पहिल्या तारखेला, आपल्याकडील जुलैच्या मध्यास, सुरू होतें.

नोंदणीपुस्तकावर ज्याचें नांव, तो मनुष्य गाडींत असला तर उत्तम. नसला तर त्याचें अधिकारपत्र पाहिजे. सिन्नरांत हें विशेष सांगावयास हवें. माळेगांव-मुसळगांवच्या कारखान्यांतील कित्येक गृहस्थांची गाडी कंपनीच्या नांवावर असते, कित्येकांची वडिलांच्या किंवा भावाच्या. घरांत ती 'आपली' असली तरी चौकीवरील अधिकाऱ्यास तें नातें कागदावरून दिसत नाहीं. भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला याहून निराळे परवाने लागतात. त्या भानगडींत पहिल्या प्रवासांत पडूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे कायद्यानें प्रत्येक मोटारीचा तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता तरी विमा असावाच लागतो, आणि बहुतेक कुटुंबें त्याहून व्यापक विमा उतरवतात. पण त्या कागदावर 'भौगोलिक क्षेत्र' असा एक रकाना असतो आणि त्यांत भारत एवढाच शब्द लिहिलेला असतो. तो रकाना कोणी वाचीत नाहीं. सोनौलीची कमान ओलांडली कीं ज्या विम्याचे हप्ते आपण वर्षानुवर्षें भरले तो विमा तेथें मुका होतो. समजा, भैरहव्याहून बुटवलच्या वाटेवर कोणा सायकलस्वाराला आपल्या गाडीचा धक्का लागला आणि त्याचा पाय मोडला. गाडी पोलिसांच्या ताब्यांत जाणार, चालक ठाण्यावर बसणार, जखमीच्या उपचाराचा व भरपाईचा प्रश्न त्याच दिवशीं उभा राहणार. आणि घरून आणलेला कागद दाखवून उपयोग नाहीं. अशा वेळीं सर्व खर्च कुटुंबाच्या खिशांतून. गाडी चोरीस गेली किंवा दरींत गेली तरी तीच कथा.

यावर उपाय आहे, आणि तो दुर्मिळहि नाहीं. आपल्या मोटार-विम्याच्या नियमांत नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका व मालदीव या देशांपर्यंत विम्याचें क्षेत्र वाढवून देणारी पुरवणी आहे. थोडा जादा हप्ता घेऊन विमा कंपनी ती जोडून देते. ती मागावी मात्र लागते; आपण होऊन कोणी देत नाहीं, आणि पुष्कळ दलालांना ती ठाऊकहि नसते. निघण्याच्या तीन आठवडे आधीं लेखी अर्ज करावा आणि पुरवणीचा छापील कागद हातीं आल्याखेरीज गाडी गोंद्याच्या चढावर घालूं नये. तिऱ्हाइताच्या भरपाईची जबाबदारी तींत धरली आहे कीं नाहीं, हेंहि वाचून पाहावें. दूरध्वनीवरील 'होऊन जाईल साहेब' हा विमा नव्हे.

मराठी माणसाला नेपाळांत आणखी एक गोड फसवणूक होते. तेथील पाट्या, पावत्या, आंकडे सर्व देवनागरींत. वाचतां येतें, म्हणून कळलेंच असें वाटतें. पण पावतीवरील तारीख विक्रम संवताची असते. इसवी सनाचा २०२५ चा एप्रिल मध्यावर आला तेव्हां तेथें २०८२ चा वैशाख लागला. शिवाय आपले वैशाख-ज्येष्ठ चांद्रमास, त्यांचे सौर. घरांतील पंचांग काढून हिशेब करणाऱ्या आजोबांचाहि मेळ बसणार नाहीं. पावतीची मुदत कोणत्या इंग्रजी तारखेस संपते तें खिडकीवरच विचारून पाठीमागें लिहून घ्यावें. मुदत उलटली तर दंड आहे, आणि परत फिरतांना तो चुकवतां येत नाहीं. घड्याळ पंधरा मिनिटें पुढें करावें, आणि तेथील सुटीचा वार शनिवार, हेंहि लक्षांत असावें.

पैशांचें त्यामानानें सोपें. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचे एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. मोठ्या नोटांचा इतिहास मात्र दुःखाचा: २०१६ च्या नोटबंदींत नेपाळी लोकांजवळील आपल्या नोटा अडकून पडल्या, आणि २०१८ च्या डिसेंबरांत तेथील सरकारनें शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदीच घातली. नियम पुढें सैल होवोत वा न होवोत, शंभराच्या नोटा नेणें शहाणपणाचें. २०२४ पासून दुकानांतील चौकट टिपून आपल्या मोबाईलवरून पैसे देण्याची सोयहि झाली आहे. पण ती ज्या जाळ्यावर चालते तें सीमेपलीकडे आपल्या सिमकार्डास मिळेलच असें नाहीं. टोलनाक्यांचा फास्टॅग तर तेथें केवळ कांचेवरील शोभा.

काठमांडूला जाऊं नये असें मी म्हणालों, त्याचें कारण पाऊस. भैरहव्याहून तेथें जाणारा नेहमींचा रस्ता नारायणगढ-मुगलिन दरम्यान त्रिशूलीच्या कडेकडेनें जातो. १२ जुलै २०२४ रोजीं तेथें दरड कोसळून दोन प्रवासी बसगाड्या नदींत गेल्या. आपल्याकडे शाळांची दिवाळीची सुटी लागते तोंवर पाऊस ओसरलेला असतो. तोच काळ बरा. मे महिन्यांत तराईचा उन्हाळा सिन्नरच्या उन्हाळ्याहून असह्य. आणि उघडी सीमाहि कधीं मिटते: २०१५ च्या सप्टेंबरापासून कांहीं महिने नाकेबंदी होऊन नेपाळांत इंधनाचा दुष्काळ पडला, २०२० च्या मार्चांत साथीमुळें चौक्या बंद झाल्या, २०२५ च्या सप्टेंबरांत तरुणांच्या आंदोलनानंतर काठमांडूचें सरकार पडलें आणि संचारबंदी लागली. चालत आलेला मनुष्य अशा वेळीं कसाबसा परततो. मोटार मागें राहते. म्हणून सीमेपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहण्यांत शहाणपण आहे, आणि टाकी गोरखपुरांतच भरून घ्यावी.

लुंबिनींत अशोकाचा स्तंभ आहे. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षीं तो स्वतः येथें आला, आणि बुद्ध येथें जन्मला म्हणून त्यानें या गांवाचा एक कर माफ केला व उत्पन्नांतील राजभाग आठव्या हिश्शावर आणला, असें त्यावर कोरलें आहे. जकात-कचेरींत तास-दीड तास घालवून आलेल्या प्रवाशास तो लेख इतरांपेक्षां अधिक समजतो.

गोरखपुरास मुक्काम करून पहांटे निघावें. नऊच्या सुमारास सोनौलीस मालमोटारींची रांग लांबते. परततांना बेलहियाच्या खिडकीवर पावती दाखवून गाडी बाहेर पडल्याची नोंद करून घ्यावी, आणि ती नोंद झालेली स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावी. ती राहून गेली तर त्यांच्या वहींत आपली मोटार नेपाळांतच उभी असते, आणि पुढील खेपेस तीस दिवसांचा हिशेब तेथूनच सुरू होऊं शकतो.