पिल्लू चावतंय? खेळ थांबवा, हात उगारू नका

साताऱ्यातून, सांगलीतून मला एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "पिल्लू लय गोड आहे, पण हातापायाला सारखं चावतंय. काय करू?" आज त्यावरच बोलू.

आधी ते चावतं का, ते बघा. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, सुईसारखे टोकदार. साधारण तीन ते सात महिन्यांच्या काळात ते पडून ४२ पक्के दात येतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात, आणि समोर येईल ते तोंडात जातं. दुसरं म्हणजे, पिल्लाला हात नसतात ना! तोंड हाच त्याचा हात. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळणं सोडून देतं. किती जोर लावायचा, हे ते तिथेच शिकतं. म्हणून महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडून आणू नका. निदान आठ आठवडे त्याला आईजवळ राहू द्या.

आपल्या भागाचीही एक गोष्ट आहे. जत, आटपाडीकडे सडपातळ शिकारी कुत्री हौसेनं पाळतात. कुणी कारवान म्हणतं, कुणी मुधोळ. मुधोळ गाव सीमेपलीकडे, बागलकोट जिल्ह्यात. २००५ साली या कुत्र्याचं टपाल तिकीटही निघालं. ही कुत्री नजरेनं शिकार हेरतात. काही हललं की मागे धावायचं, हे त्यांच्या रक्तातच. मग पळणारं पोरगं, आज्जीच्या लुगड्याचा पदर, झटकन मागे घेतलेला हात, सगळंच त्यांना सावज वाटतं. तसं हे थोडंफार प्रत्येक पिल्लात असतंच, अगदी गल्लीतून उचलून आणलेल्यातही.

आता उपाय. दात लागले की हात ओढू नका, ढिला सोडा. ओढलात की त्याला वाटतं, खेळ रंगला! मग गप्प उठा, पाठ फिरवा, वीस-तीस सेकंद त्याच्याकडे बघूही नका. ते शांत झालं की परत या आणि हाताऐवजी चावायला काहीतरी द्या. जुन्या फडक्याला गाठी मारा, ओलं करून फ्रीजमध्ये ठेवा. हिरड्यांना बरं वाटतं. शिजवलेलं कोंबडीचं हाड मात्र नको, त्याचे टोकदार तुकडे होतात. हात न चावता चाटला की लगेच शाबासकी द्या.

यात दोन गोष्टी लोक विसरतात. एक, घरात सगळ्यांचा नियम एकच हवा. तुम्ही खेळ थांबवता आणि दादा हात तोंडात घालून मस्ती करतो, तर पिल्लानं शिकायचं कुणाचं? दुसरी, झोप. पिल्लू दिवसातला बराचसा वेळ झोपतं. संध्याकाळी वेड्यासारखं चावत सुटलं, तर बऱ्याचदा ते दमलेलं असतं. शांत कोपऱ्यात झोपवा.

चप्पल मारणं, तोंड आवळणं, नाकावर टिचकी देणं, हे बंद. मारानं पिल्लू हाताला घाबरतं. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढे गुरगुरणंच सोडतं आणि इशारा न देता चावतं. मग "हे चावरं आहे" म्हणून त्याला साखळी लागते, नाहीतर एखाद्या रात्री हायवेला सोडून येतात. सहा महिन्यांच्या जिवाला शिक्षा होते, कारण त्याला कुणी शिकवलंच नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. खेळातला चावा असला तरी दात लागून कातडी फुटली, साधा ओरखडा आला, तरी रेबीजचा विचार करायचाच. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस ठरलेल्या दिवशी घ्यायची असते, मधला डोस चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेत लस घेतली तर वाचतो. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात, त्यामुळे "लहान आहे, त्याला काय होतंय" म्हणू नका.

घरात लहान भावंडं असतील तर त्यांना आजच सांगा, "पिल्लू चावलं तर लपवू नको, कुणी रागावणार नाही." ओरडा बसेल या भीतीनंच पोरं चावा लपवतात.

भेटू पुढच्या भागात. पिल्लाला माझ्याकडून एक थाप, पाठीवर, प्रेमाची!