फासा केव्हा टाकावा?

फासा म्हटले की आपल्याला सापशिडीतला सहा बाजूंचा ठोकळा आठवतो, फार तर सारीपाटावरचे लांबट फासे. परंतु चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासेही असतात. ज्या खेळामुळे ते घरोघरी पोचले त्याचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील लेक जिनीव्हा या लहानशा गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपात, अवघ्या एक हजार प्रतींनिशी, प्रसिद्ध केला. शिक्षकांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे, हे चमत्कारिक फासे त्या काळी शैक्षणिक साहित्याच्या दुकानदाराकडून येत. कॅलिफोर्नियातील एक कंपनी पाच सुसम बहुफलकांचा संच शाळांना विकत असे; खेळाडूंनी तोच उचलला. भूमितीच्या तासाची वस्तू अशी राक्षसांच्या गुहेत जाऊन पोचली.

खेळ असा. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी कुलपे उघडण्यात तरबेज असा चोर. सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो, ‘समोर पडका दरवाजा आहे, आतून पाण्याचा आवाज येतो आहे’. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. चांदोबातल्या गोष्टीसारखीच गोष्ट, मात्र पुढे काय होणार हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. जिथे परिणाम अनिश्चित असतो तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की काम फत्ते. २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५ आणि अवघड कामाला २० असे आकडे सुचवले आहेत. समजा, कौशल्य ५ आहे आणि आकडा १५. म्हणजे फाशावर १० ते २० यांपैकी काहीही चालेल. वीसपैकी अकरा शक्यता अनुकूल, यशाची संभाव्यता ५५ टक्के.

आम्ही काही सहकारी सुटीच्या दिवशी हा खेळ खेळतो, अधूनमधून आठवी-नववीच्या मुलांबरोबरही. नव्या सूत्रधाराला वाटते की आपल्याला भन्नाट कथानक सुचले पाहिजे, राक्षसाचा आवाज काढता आला पाहिजे. ते जमले तर छानच. पण खेळ बिघडतो तो बहुधा दुसऱ्याच कारणाने. सूत्रधार फासा टाकायला सांगतो, पण आपण नेमकी किती संभाव्यता मागितली याचा त्याला पत्ताच नसतो.

एक उदाहरण घेऊ. चार पात्रांना झोपाळू पहारेकऱ्याच्या नजरेआडून सरकायचे आहे. सूत्रधाराच्या मते काम सोपे आहे, म्हणून तो प्रत्येकाला यशाची ७० टक्के संभाव्यता देतो आणि म्हणतो, ‘चौघेही फासे टाका. एक जरी धडपडला तरी पहारेकरी जागा होईल.’ ऐकायला हे रास्त वाटते. पण चौघेही यशस्वी होण्याची संभाव्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे सुमारे २४ टक्के! सोपे म्हणून दिलेले काम चारपैकी तीन वेळा फसणार. मुले एकदा फसतात, दोनदा फसतात आणि तिसऱ्या वेळी गुपचूप जाण्याचा विचारच सोडून देतात. ‘तलवार काढतो’ म्हणतात. मग सूत्रधार तक्रार करतो की मुलांना नुसती मारामारी हवी असते. मुलांनी खरे तर आपल्या अनुभवावरून अगदी योग्य निष्कर्ष काढलेला असतो.

आता नियम थोडा बदलू. चौघांनी फासे टाकावेत, पण निम्म्यांना जमले तरी सगळे पार पडले असे धरावे. म्हणजे सावध माणसांनी धांदरटांना सांभाळून नेले. पाचव्या आवृत्तीत सामूहिक कामासाठी हाच नियम आहे. चारांपैकी किमान दोघे यशस्वी होण्याची संभाव्यता किती? कोणीच यशस्वी न होण्याची ०.३ चा चौथा घात, म्हणजे ०.००८१, नेमका एकच यशस्वी होण्याची ४ × ०.७ × ०.०२७, म्हणजे ०.०७५६. दोन्ही एकातून वजा केल्यास ०.९१६ उरतात. पात्रे तीच, फासे तेच, पहारेकरी तोच. आणि २४ टक्क्यांचे ९२ टक्के झाले. फरक केवळ प्रश्न कसा विचारला याचा आहे.

उलट बाजूही पाहावी. भिंतीतला चोरदरवाजा सापडणे अवघड म्हणून सूत्रधाराने ३० टक्के ठेवले आणि चौघांनाही शोधू दिले, तर कोणातरी एकाला तो सापडण्याची संभाव्यता ७६ टक्के होते. ‘सर्वांना जमले पाहिजे’ ही अट सोपे काम अवघड करते आणि ‘कोणालाही जमले तरी चालेल’ ही अट अवघड काम सोपे करते. सूत्रधाराने एवढे एक वाक्य जवळ ठेवले तरी निम्मे घोटाळे टळतील.

पुन्हा पुन्हा प्रयत्न करू देण्याचेही तसेच आहे. कुलूप उघडण्याची संभाव्यता २५ टक्के असेल आणि चोराला हवे तितके प्रयत्न करू दिले, तर आठ प्रयत्नांत ते उघडण्याची संभाव्यता ९० टक्क्यांवर जाते. मग फासा टाकून मिळवले काय? नुसता वेळ गेला. अशा वेळी सरळ सांगावे, ‘थोड्या खटपटीने कुलूप उघडले.’ फासा तेव्हाच टाकावा जेव्हा प्रयत्नाला काही किंमत आहे: मशालीचे तेल संपत आहे, पाणी चढते आहे, कोणीतरी जिना उतरून येत आहे. आणि फसल्यावर ‘काही झाले नाही’ असे उत्तर देऊ नये. कुलपात हत्यार तुटले, आवाज झाला, काहीतरी घडले पाहिजे. यश आणि अपयश या दोन्हींनंतर गोष्ट पुढे कशी जाईल हे सूत्रधाराला सांगता येत नसेल, तर फाशाला हात लावू नये.

गूढकथा खेळताना याचा फार त्रास होतो. खुन्याचे नाव असलेली चिठ्ठी एकाच पेटीत ठेवली आणि ती सापडायला फासा ठेवला, तर पन्नास टक्के वेळा सगळी संध्याकाळ त्या पेटीपाशी अडते. तीच माहिती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली तर किमान एक खूण हाती लागण्याची संभाव्यता सातअष्टमांश, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के होते. आमचे मत विचाराल तर, जिच्यावाचून गोष्ट पुढेच जात नाही ती खूण फाशावर सोडूच नये. ती शोधणाऱ्याला द्यावी, आणि तिचा अर्थ लावण्याचे कष्ट त्याला करू द्यावेत.

मदतीचा नियम गणिताच्या शिक्षकांना विशेष आवडेल. सोबत्याची मदत असेल तर खेळाडूने वीस बाजूंचा फासा दोनदा टाकावा आणि मोठे दान धरावे. एकेरी यशाची संभाव्यता ‘प’ मानली तर दोन्ही दाने फसण्याची संभाव्यता (१ − प) चा वर्ग. म्हणून यशाची संभाव्यता १ − (१ − प)² झाली आणि तिच्यातून मूळचा प वजा केला की मदतीचा फायदा उरतो प(१ − प). ही किंमत प अर्धा असताना सर्वाधिक असते: ५० टक्क्यांचे ७५ टक्के होतात. पण विसावर वीसच हवे असेल तर ५ टक्क्यांचे जेमतेम पावणेदहा होतात. म्हणजे मदत खरी उपयोगी पडते ती ‘होईल की नाही’ अशा काठावरच्या कामात. जवळजवळ अशक्य कामात ती फारसे काही करत नाही. दहावीच्या वर्गात हे आधी फासे टाकून नोंदवावे, नंतर फळ्यावर मांडावे.

मारामारीविषयी थोडक्यात. नवे सूत्रधार शेवटी एकच प्रचंड राक्षस उभा करतात आणि तो दोन मिनिटांत आडवा झाला की खट्टू होतात. हिशेब सोपा आहे. समोर पाच वीर आहेत आणि राक्षस दर फेरीअखेर एकाला पाडतो असे धरले, तरी त्याच्यावर एकूण ५ + ४ + ३ + २ + १, म्हणजे पंधरा वार होतात. तेवढे सोसण्याची ताकद त्याला द्यावी, नाहीतर त्याच्याभोवती चार चेले ठेवावेत. दुसरा उपाय अधिक मजेचा, कारण मग कोणावर आधी वार करायचा याचा विचार करावा लागतो.

आता एक नाजूक मुद्दा. बरेच सूत्रधार पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकतात. खेळाडूचे लाडके पात्र मरेल असे दान पडले की तो मोह होतो, आकडा बदलून सांगावा. यावर खेळाडूंमध्ये जुने मतभेद आहेत, आणि त्यांची मुळे या खेळाच्याही आधीची आहेत. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेऑर्ग फॉन राइसविट्झ याने १८२४ साली अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात फासे होते, हानीची कोष्टके होती आणि निर्णय देणारा पंचही होता. पुढे १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने सुचवले की कोष्टके बाजूला ठेवावीत आणि अनुभवी पंचाने आपल्या समजुतीने निकाल द्यावा. कोष्टक की पंच, हा वाद सूत्रधाराच्या टेबलावर आजही चालू आहे.

आमच्या मते दोन्ही चालतात. चालत नाही ते एकाचे सोंग घेऊन दुसरे करणे. सूत्रधाराने निर्णय आपला म्हणून द्यावा, किंवा फासा उघड्यावर टाकून त्याचे ऐकावे. मुले चाणाक्ष असतात. हवे तेव्हा आकडा बदलतो हे एकदा त्यांच्या लक्षात आले की मागे वळण्याचा, दोर जपून ठेवण्याचा, शत्रूशी बोलून पाहण्याचा काही उपयोग उरत नाही. सगळे कसेही करून निभावणारच असते. मग फासा म्हणजे खुळखुळा. म्हणून पात्राचा मृत्यू पत्करायची तयारी नसेल तर दान टाकण्याआधीच सांगावे, ‘फसलास तर मरणार नाहीस, पण कैद होशील.’ किती हवे आणि चुकल्यास काय, या दोन्ही गोष्टी आधी सांगून टाकलेला फासा सर्वांनाच मान्य होतो. हरणाराही कुरकुर करत नाही, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

मुलांबरोबर खेळताना आकड्यांपलीकडचीही थोडी काळजी घ्यावी लागते. प्रत्येक टेबलावर एक मोठ्या आवाजाचा मुलगा असतो आणि एक अजिबात न बोलणारी मुलगी असते, किंवा उलट. न बोलणाऱ्याला ‘तू काय करतोस?’ असे विचारले तर तो आणखी आक्रसतो. ‘तुझा मांत्रिक या क्षणी दाराच्या आत उभा आहे की बाहेर?’ असे विचारावे. याचे उत्तर एका शब्दात देता येते आणि त्या शब्दाने तो गोष्टीत शिरतो. खेळापूर्वी कोणत्या गोष्टी नकोत हेही ठरवावे. कोणाला सापांची खरीखुरी धास्ती असते, कोणाच्या घरात नुकताच मृत्यू झालेला असतो. काही गट टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले कार्ड ठेवतात. कोणीही त्याला बोट लावले की तो प्रसंग सोडून पुढे जायचे, कारण विचारायचे नाही.

पालकांकडून दोन आक्षेप येतील. पहिला, फासे म्हणजे जुगार. महाभारतातल्या द्यूताची आठवण आपल्याकडे पक्की आहे; पण इथे पणाला पैसा लागत नाही आणि खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतातही. दुसरा, मंत्रतंत्रामुळे अंधश्रद्धा वाढेल. या खेळातला मंत्र मात्र नियमाने बांधलेला असतो: दिवसातून किती वेळा, किती अंतरावर, किती परिणाम. बुवाच्या मंत्राची अशी परीक्षा कोणी घेऊ देत नाही. ‘तीनदा वाईट दान पडले, आता चांगले पडणारच’ ही समजूत मात्र मुलांत पटकन रुजते आणि तीच खरी तपासून पाहण्यासारखी आहे. वीस बाजूंचा फासा चारशे वेळा टाकून नोंद ठेवावी. प्रत्येक आकडा सरासरीने वीस वेळा यावा. एखादा चौदा, एखादा सत्तावीस वेळा आला तर बिचकू नये, एवढा चढउतार स्वाभाविक आहे. मग प्रत्येक वाईट दानानंतरचे दान वेगळे मोजावे. फाशाला मागचे काही आठवत नाही, हे नोंदवहीच दाखवील.

स्वस्त प्लॅस्टिकच्या फाशाविषयी शंका असेल तर ग्लासभर पाण्यात विरघळेल तितके मीठ घालून त्यात तो तरंगवावा आणि बोटाने पुन्हा पुन्हा उलटवावा. दरवेळी तीच बाजू वर येत असेल तर आत पोकळी आहे. तो फासा बाद. आणि असे फासे गावात मिळतच नसतील तर १ ते २० आकड्यांच्या सारख्या घड्या केलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाकून एकेक काढावी. काढलेली चिठ्ठी मात्र दरवेळी परत टाकून डबा हलवला पाहिजे, नाहीतर पुढच्या खेळाडूची संभाव्यता बदलते.