ध्वनिफितींची रुजुवात

१४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाची खूण म्हणून पानिपतनजीक काला अंब येथे उभारलेल्या स्तंभाच्या दर्शनास संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्रातून जी मंडळी जातात, त्यांचे ध्यान इतिहासात गुंतलेले असते, हे स्वाभाविकच होय. परंतु ज्या मुलुखात हा स्तंभ उभा आहे, त्या हरियाणाची रागिणी, म्हणजे तेथील लोकगायनाचा एक प्रकार, गेल्या शतकाच्या नवव्या दशकात कॅसेटवर स्वार होऊन गावोगाव पोहोचली होती, आणि त्या फिती आज जीर्ण होत चालल्या आहेत, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

तेथून दक्षिणेस, गुरुग्रामला, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीतविषयक ध्वनिदप्तर आहे. १९८२ साली ते स्थापन झाले पुण्यात. परदेशी अभ्यासकांनी भारतात ध्वनिमुद्रित केलेले आणि परदेशी संग्रहांत जाऊन पडलेले संगीत नकलेच्या रूपाने का होईना स्वदेशी परत आणावे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू. दप्तर म्हटले की अस्सल आणि नक्कल हा प्रश्न आलाच, आणि कागदाप्रमाणे फितीचीही नक्कल मुळाशी रुजुवात घालूनच करावी लागते.

फिती संगणकावर उतरविण्याच्या या कामात गुणवत्तेचा विषय निघाला, की सामान्य माणूस संगणकाकडे वळतो. वस्तुतः आवाज तरतो किंवा बुडतो तो फीत आणि हेड, म्हणजे फितीवर आवाज उमटविणारा व वाचणारा यंत्राचा भाग, यांच्या स्पर्शाच्या जागी. कॅसेटची फीत सेकंदाला अवघी ४.७६ सेंटिमीटर सरकते. त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या स्वराची एक संपूर्ण लहर तिच्यावर ४.७६ मायक्रोमीटर इतक्या अल्प जागेत मावलेली असते. मोनो यंत्राचा ध्वनिपट्टा सुमारे दीड मिलिमीटर रुंद. आता, मुद्रण करणाऱ्या यंत्राचे हेड आणि वाजविणाऱ्या यंत्राचे हेड यांच्या कलात एक पंचमांश अंशाचा जरी फरक पडला, तरी पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडांमध्ये सुमारे ५ मायक्रोमीटरचे, म्हणजे पुऱ्या एका लहरीचे, अंतर पडून तो स्वर स्वतःलाच छेदून नाहीसा होतो. मग सारंगीची धार बोथट होते, ‘स’ आणि ‘श’ एकसारखे ऐकू येतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या फितीच्या माथी मारला जातो. उपाय हेडशेजारच्या बारीक स्क्रूत आहे. कानाने ऐकत तो किंचित फिरवावा, आणि आवाज जेथे सर्वांत उजळ होईल तेथे थांबावे. प्रत्येक कॅसेटसाठी हे नव्याने करावे लागते, कारण प्रत्येक कॅसेट निराळ्या यंत्राची लेक असते.

त्याआधी हेड व रबरी रोलर स्वच्छ पुसावेत, आणि कॅसेटच्या पाठीवरील प्लॅस्टिकचे दोन कान मोडावेत, म्हणजे चुकून ‘रेकॉर्ड’चे बटण दाबले जाऊन अस्सल पुसले जाण्याची धास्ती उरत नाही. पुढचे काम सोपे आहे, फक्त वेळखाऊ आहे : ९० मिनिटांची फीत उतरविण्यास ९० मिनिटेच लागतात, आणि तेथे कोणाची शिफारस चालत नाही. ध्वनिदप्तरांत सामान्यतः सेकंदाला ९६,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास २४ बिट हा दंडक पाळतात. स्टिरिओ ध्वनीच्या एका तासास त्यामुळे सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते. आजच्या दरात ही किंमत क्षुल्लकच म्हटली पाहिजे, तेव्हा जागा वाचविण्यासाठी एमपी३ची नक्कल हीच मूळ प्रत ठरविणे शहाणपणाचे नव्हे.

खरखर काढून टाकण्याची हौस पुष्कळांना असते. ती दुसऱ्या प्रतीवर भागवावी, कारण खरखर निवडणारी आज्ञावली रागिणीच्या कडव्याअखेर उठलेली श्रोत्यांची दादही पुष्कळदा गोंगाटात जमा करते, आणि त्या दादेवाचून गायकाने तीच ओळ पुन्हा का घेतली, याचा उलगडा होत नाही.

नोंदवहीत फितीवरील मजकूर, वाजविणारे यंत्र, खरखर कमी करणारी डॉल्बीची सोय चालू होती की बंद, एवढे तपशील लिहावेत. कॅसेट मात्र टाकू नये. एका बाजूस पूर्ण गुंडाळून, कोरड्या कपाटात, स्पीकरच्या चुंबकापासून दूर, उभी ठेवावी.