ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान : औटला उतरा, पुढे पायीच

दिल्लीहून मनालीकडे निघालेल्या बसमधले बहुतेक प्रवासी औटचा बोगदा पार करून थेट पुढे जातात. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात भटकायचं असेल, तर बोगद्याआधीच उतरायचं. जवळच लारजीपाशी तीर्थन आणि सैंज नद्या बियासला मिळतात. यातल्या कुठल्या नदीच्या काठाने वर जायचं, हे मात्र घरूनच ठरवून निघावं.

कुल्लू जिल्ह्यातलं हे उद्यान 754 चौरस किलोमीटरचं. 1999 मध्ये ते रीतसर जाहीर झालं आणि 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. उद्यानात मोटाररस्ता नाही, चहाची टपरी नाही. तंबू, शिधा, इंधन सगळं पाठीवर न्यावं लागतं.

शनिवारी रात्री निघून रविवारी गड करणाऱ्या आपल्या मंडळींना इथे वेगळा हिशेब मांडावा लागतो. तीर्थन खोऱ्यात गुशैणीहून नदीकाठाने चालत गेलं की पहिला मुक्काम रोलाचा, सुमारे 2,100 मीटरवर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर! रोलाहून शिल्टला जाणारा चढ छातीवर येणारा, हजारेक मीटरचा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शिल्टपर्यंत जाऊन त्याच वाटेने परतावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ढेलच्या कुरणांवरून सैंज खोऱ्यात उतरायचा मोह होतो, पण त्याला आठवडाभर तरी हवा, शिवाय हवा बिघडली तर हाताशी राखीव दिवस. परतीचं रेल्वे तिकीट काढताना हा दिवस आधी धरावा.

परवाना साई रोपा इथल्या वन कार्यालयात किंवा शमशीच्या मुख्यालयात मिळतो. त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे तिथल्याच गावचे वाटाडे आणि हमाल ठरवणं. उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून गावांचा एक पट्टा आहे, त्याला ‘इकोझोन’ म्हणतात. इथली माणसं पिढ्यान् पिढ्या वरच्या कुरणांत मेंढरं चारत, औषधी मुळ्या आणि गुच्छी नावाची महागडी अळिंबी गोळा करत. उद्यान झालं आणि आतले हे हक्क संपले. आपण ज्या अस्पर्श जंगलाचं कौतुक करतो, त्याची किंमत या घरांनी मोजली आहे. म्हणून मनालीहून किंवा दिल्लीहून सगळा ताफा घेऊन येणं मला पटत नाही. ज्यांची पायवाट, त्यांनाच त्या वाटेची मजुरी मिळायला हवी. शिवाय ओढ्याला पाणी चढलं की कुठून उतरायचं, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

काळ निवडायचा तर एप्रिलअखेर ते जून, नाहीतर पावसाळा सरल्यावरचे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नये. 2023 च्या जुलैतल्या पुराने सैंजच्या बाजारपेठेची कशी दैना केली, ते साऱ्या देशाने पाहिलं. पक्ष्यांचं वेड असणाऱ्यांनी वसंतच गाठावा. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा तेव्हा पहाटे साद घालतो. देवाने सगळ्या पाखरांचं एकेक सुंदर पीस घेऊन तो घडवला, असं इथले लोक सांगतात. लाल, काळ्या रंगांवर पांढरे ठिपके ल्यालेला हा पक्षी दाट झाडीत दडून राहतो. तो दिसेलच असं नाही, पण नुसता आवाज ऐकण्यासाठीसुद्धा पहाटे थंडीत उठावं.

सैंजच्या बाजूने जाणाऱ्यांना न्यूलीपलीकडे शाक्ती आणि मरोड ही उद्यानालगतच्या सैंज अभयारण्यातली गावं लागतात. तिथेही पायीच जावं लागतं. याच खोऱ्याच्या खालच्या अंगाला पार्वती जलविद्युत प्रकल्पाची कामं दिसतात. त्या प्रकल्पासाठी उद्यानाच्या आखणीतून जिवा नाल्याकडचा एक तुकडा वगळला गेला. वाटाड्याला त्याबद्दल जरूर विचारा, आणि तो सांगेल ते ऐकायला दुपारचा एक लांब मुक्काम ठेवा.