चौकट : महाविद्यालयात ख्रिस्ती मतमंडनाचे व्याख्यान योजताना

मुंबईतील मरोळच्या धर्मग्रामातील विद्यार्थ्यांनी असे व्याख्यान योजताना पुढील गोष्टी ध्यानी धराव्यात.

पूर्वपरंपरा : १८३१ साली मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन व हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांचा जाहीर धर्मवाद झाला. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहून आपला पक्ष मांडला आणि विल्सन यांनी त्यास ग्रंथानेच उत्तर दिले. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेल्या वादाचा वृत्तांत पुढे उभय पक्षांनी प्रसिद्ध केला.

कायदा : संविधानाचा अनुच्छेद २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्मप्रसाराची मुभा देतो, तथापि दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात अंतर्भूत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णय आहे. अनुच्छेद २८ अन्वये सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत त्याची सक्ती करता येत नाही.

परवानगी : प्राचार्यांकडे लेखी अर्ज करावा, त्यात वक्ता, विषय, सभागृह व वेळ यांचा तपशील असावा. ध्वनिक्षेपकासाठी रीतसर परवाना घ्यावा. उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ त्यास मनाई आहे.

सभेची रीत : उपस्थिती ऐच्छिक असल्याचे सूचनाफलकावरच नमूद करावे. प्रश्नोत्तरांस भाषणाइतकाच अवधी द्यावा, कारण प्रतिपक्षाचा आक्षेप आदराने ऐकून घेणे हेच मतमंडनाचे पहिले कर्तव्य होय.