बही आणि बैल

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्याचे गोरेगाव हे वऱ्हाडाच्या उंबरठ्यावरचे गाव. वाशीम, रिसोड इथून हाकेच्या अंतरावर. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि सरहद्दीच्या अलीकडचा हा मुलूख निजामाकडे राहिला. सोयाबीन, तूर, कापूस, हळद ही इथली पिके. पाऊस वेळेवर आला तर वर्ष निभते, नाही तर कर्ज डोक्यावर बसते.

या पट्ट्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावी दोन समाज दिसतात. पेठेत किराणा, कापड आणि आडतीच्या दुकानांवर काबरा, मुंदडा, बाहेती अशी मारवाडी नावे. गावाबाहेर, माळावर किंवा डोंगराच्या पायथ्याला राठोड, चव्हाण, आडे या बंजाऱ्यांचे तांडे. एका घरात मारवाडी बोलली जाते, दुसऱ्या घरात गोरबोली, आणि दोन्ही बोलींचे वळण राजस्थानी. आपले पूर्वज तिकडच्याच मुलखातून आले, असे दोघेही सांगतात. दख्खनेत दोघेही आले ते व्यापाराच्या निमित्ताने. तरीही आज एक समाज आडतीच्या गादीवर आहे आणि दुसऱ्यातली हजारो माणसे दसरा सरला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन उसाच्या फडात जातात.

असे का झाले, हे चारचौघांत विचारले तर उत्तर तयार असते : मारवाडी हिशेबी, बंजारा खर्चीक, एकाच्या अंगात व्यापार, दुसऱ्याच्या अंगात भटकंती. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. स्वभावाचे कारण पुढे केले की इतिहासातल्या कायद्यांना, रस्त्यांना आणि राज्यकर्त्यांना जाब विचारायची गरज उरत नाही.

बंजारे आधी आले, आणि व्यापारीही तेच मोठे होते. १६३० च्या सुमारास शहाजहानच्या दख्खन मोहिमेत आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी या राठोड नायकांचे तांडे आले, अशी समाजात परंपरा आहे. तिच्यात बैलांचा आकडा एक लाख ऐंशी हजार सांगतात. फौजेला धान्य पुरवण्याच्या बदल्यात तांड्यांना वाटेत गवत-पाण्याचा हक्क देणारा ताम्रपट मिळाल्याचेही सांगतात. आकडा फुगवलेला असेल असे वाटले तर परक्या प्रवाशांची साक्ष पाहावी. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांबद्दल लिहितो. किनाऱ्यावरून मीठ वर न्यायचे, पठारावरून धान्य खाली आणायचे, दुष्काळी मुलखात दाणागोटा पोचवायचा, हे काम दोन-अडीच शतके तांड्यांनी केले. १८०३ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, असईला, शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली आपल्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांचा उल्लेख पुन्हापुन्हा करतो, कारण त्यांचे धान्य आल्याशिवाय त्याची फौज हलत नव्हती.

या व्यवसायाला लदेणी म्हणत. तिचे भांडवल होते बैल, त्यांना लागणारी चराई आणि मोकळी वाट. तांड्याचा नाईक सौदा करी, कारभारी व्यवहार बघे, आणि अख्खा तांडा, बायका-पोरे, म्हातारे-कोतारे, जनावरांसह चाले. मागे घर उरत नसे. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

मारवाडी त्यांच्या मागाहून, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आले, आणि त्यांची येण्याची रीत नेमकी उलटी होती. आधी एकटा पुरुष, बहुतेक वेळा मिसरूड न फुटलेला पोरगा यायचा. घर, बायको, म्हातारे आई-वडील मारवाडातच. नव्या मुलखात जातभाईंच्या बाशात, म्हणजे सामाईक खानावळीत, त्याची जेवणाची सोय होई. एखाद्या पेढीवर तो मुनीम किंवा गुमास्ता म्हणून राबे, वही लिहायला शिके. चार-पाच वर्षांनी शेठ त्याला माल उधार देई आणि तो पुढच्या एखाद्या खेड्यात स्वतःचे दुकान मांडी. लग्नाला तो गावी जाई आणि परतताना धाकट्या भावाला घेऊन येई. पत, सोयरीक आणि बातमी ही तिन्ही सूत्रे मारवाड ते दख्खन अशी अखंड राहिली. एक दुकान बुडाले तरी माणूस बुडत नसे, कारण मागे जातीची पत उभी असे.

हिंगोलीला त्यांच्यासाठी वातावरण तयार होते. १९०३ पर्यंत इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. छावणी म्हणजे बांधील गिऱ्हाईक. त्यात कापूस आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव मिळाला, आणि वऱ्हाडाबरोबर हिंगोलीची पेठही कापसाची मोठी पेठ बनली. कापूस पिकवायला शेतकऱ्याला आगाऊ पैसा लागतो. तो पैसा दुकानदाराकडे होता.

दुकानदाराच्या हिशेबाची जुनी बही ज्यांनी हातात घेतली आहे त्यांना तिची ताकद सांगायला नको. लाल कापडी पुठ्ठा, उभी लांबट पाने, मधोमध दुमडून दोरीने बांधलेली. पहिल्या पानावर श्री, शुभ-लाभ. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. लिपी बहुधा महाजनी, तिच्यात काना-मात्रा गाळलेल्या, त्यामुळे बाहेरच्याला वाचता येणे मुश्कील. कुळाने पेरणीला नेलेले धान्य सुगीला सवाईने किंवा दिढीने परत करायचे, म्हणजे एका मणाला सव्वा किंवा दीड मण. लक्ष्मीपूजनाला ही बही देवापुढे ठेवतात ती उगाच नव्हे. घराची सगळी कमाई त्या पानांत असते.

आता या दोन भांडवलांचे राज्याने काय केले ते पाहावे. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागला.

इंग्रजी मुलखात बहीला न्यायालयाचे पाठबळ मिळाले. मुदतीच्या कायद्याने दर तीन वर्षांनी रोखा नवा करायचा, त्यात थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे, आणि कुळ कोर्टात हजर राहिले नाही तर एकतर्फी हुकूमनामा घ्यायचा, असा शिरस्ता पडला. याचा भडका १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला उडाला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव लोकांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानाने फार थोडे झाले; लोकांना कागद जाळायचा होता. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला. निजामाच्या मुलखात कायदे वेगळे होते, पण दुकानदार-कुळाचे नाते त्याच सुताने चालले.

बैलांच्या वाट्याला याच्या उलट आले. १८६७ ला मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. जो माल न्यायला तांड्याला महिना-महिना लागे तो डब्यात बसून दोन-चार दिवसांत जाऊ लागला. त्याच सुमारास जंगले राखीव झाली, चराईवर पैसे बसले, मिठावर सरकारचा ताबा घट्ट झाला. लदेणी एका पिढीत संपली. काम गेलेल्या माणसांना दुसरे काम देण्याऐवजी सरकारने त्यांच्यावर पहारा बसवला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत आला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर झाली. फिरणारा माणूस म्हणजे संशयित, हे कायद्याने ठरवले. बंजाऱ्यांच्या अनेक शाखा त्या जाळ्यात सापडल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण पोलीस पाटलाच्या आणि गावकऱ्यांच्या मनातला संशय पुढे कित्येक वर्षे टिकला.

एकाचे साधन कायद्याने पक्के झाले, दुसऱ्याचे मोडले. शिवाय मारवाड्याला परतायला घर होते, तांड्याला नव्हते. जिथे बैल थांबले तिथेच बिऱ्हाड पडले : गावठाणाबाहेर, गायरानावर, वनखात्याच्या हद्दीला लागून. म्हणून आजही कित्येक तांड्यांत घराखालची जमीन नावावर नाही, आणि सातबारा नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही.

स्वातंत्र्यानंतर वसंतराव नाईकांसारखा बंजारा समाजातला माणूस ५ डिसेंबर १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. त्यांचे गहुली हे गाव शेजारच्या पुसद तालुक्यातले. तांड्यांना त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. आश्रमशाळा निघाल्या, शिक्षक आणि पोलीस झालेली पहिली पिढी उभी राहिली. पण एका घराण्याच्या उंचीने अख्ख्या समाजाची उंची मोजणे चुकीचे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य तीन तुकड्यांत वाटले गेले, आणि एकाच रक्ताचे तांडे तीन याद्यांत गेले. आज तेलंगणातला लंबाडा अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकातला लंबाणी अनुसूचित जातीत, आणि महाराष्ट्रातला बंजारा विमुक्त जातीत, जिथे नोकरी-शिक्षणात ३ टक्के आरक्षण आहे पण विधानसभेत राखीव जागा नाही. मामाची पोर आदिलाबादेत अनुसूचित जमातीची, आत्याचा पोरगा हिंगोलीत विमुक्त जातीचा, अशी स्थिती आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी बंजारा समाज मराठवाड्यात रस्त्यावर उतरला तो यामुळे. त्याच वेळी कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यातल्या आंध आदिवासींना आपल्या वाट्याची धास्ती वाटते, आणि तीही खोटी नाही. एकाला न्याय देताना दुसऱ्याच्या ताटातले काढून घेतले तर भांडण गरिबा-गरिबांत लागेल.

आता उचलीचा हिशेब. मुकादम पावसाळ्यातच तांड्यावर येतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळून उचल देतो. या जोडीलाच कोयता म्हणतात. पैसे घराच्या पत्र्याला, दवाखान्याला, लग्नाला जातात. मग पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर कोपी, म्हणजे झोपडी, टाकायची. पहाटे अंधारात तोडणी सुरू, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. आजारी पडले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगामाच्या शेवटी टनांचा हिशेब होतो आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. कोयत्याला जोडी लागते म्हणून पोरींची लग्ने कोवळ्या वयात उरकली जातात. ज्या समाजाच्या बाईने लदेणीत बैल हाकले, काचा आणि नाणी जडवलेली कांचळी-फेटिया स्वतःच्या हाताने शिवली, तिची मजुरी आज नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते. या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचते ते हेच.

मारवाडी समाजाचे सगळे सुखात आहे असेही नाही. खेड्यातले लहान दुकान मोडकळीला आले आहे. मुले पुणे-हैदराबादेत सनदी लेखापाल, अभियंता झाली, ती परत येत नाहीत. चार-पाच पिढ्या इथल्या मातीत गेल्या, मराठी वर्तमानपत्र घरी येते, तरी भांडण झाले की ‘बाहेरचा’ हा शब्द निघतोच. पूर्वीच्या सावकारीचे ओझे किराणा विकणाऱ्या नातवाच्या डोक्यावर टाकण्यात न्याय नाही. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानंतर तर चित्र आणखी बदलले. कर्ज मात्र गेले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायला काढल्याचे निवेदन मुख्यमंत्र्यांना धाडले, किडनीचा, डोळ्यांचा भाव लिहून. त्यांचे देणे बँकेचे होते. बही मारवाड्याची असो की संगणकातली, कोरडवाहू शेतीला ती पेलत नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही समाज आजही एकाच रांगेत उभे आहेत. २०११ च्या जनगणनेत मारवाडी ही मातृभाषा सांगणारे ७८ लाखांवर होते, लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाखांवर आणि बंजारी सांगणारे १५ लाखांवर. हे सगळे जनगणनेने हिंदीच्या खात्यात जमा केले.

पुढची जनगणना जातवार आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आणि प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत. त्या महिन्यात ऊस हंगाम भरात असतो. सेनगाव, हिंगोली, कळमनुरीच्या तांड्यांतली घरे तेव्हा बंद असतील, आणि त्यांतली माणसे कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत कोपीत असतील. जिथे प्रगणक गेला नाही तिथे त्यांची जात, त्यांची बोली, त्यांची पोरे नोंदलीच जाणार नाहीत, आणि पुढच्या दहा वर्षांच्या योजना त्याच आकड्यांवर बेतल्या जातील. हे टाळणे अवघड नाही. साखर कारखान्याकडे प्रत्येक टोळीची यादी असते. ती यादी जिल्हाधिकाऱ्यांनी मागवावी आणि प्रगणक थेट फडावर पाठवावा. वाचकहो, तुमच्या गावाशेजारी कोप्या पडल्या असतील तर फेब्रुवारीत एवढे करा : तहसील कार्यालयात जाऊन तिथल्या माणसांची मोजणी झाली का, हे विचारा, आणि झाली नसेल तर लेखी अर्ज द्या.