कादंबरीवर लिहिताना : ‘बनगरवाडी’चे उदाहरण

कादंबरीची समीक्षा लिहायला बसलेला विद्यार्थी बहुतेकदा गोष्ट सांगू लागतो आणि तिच्यातच अडकतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर (१९५५) लिहिताना हा मोह फार होतो. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा चालवतो, गावकऱ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते, शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. एवढे सांगितले की कथानकाचे काम झाले. तपासणाऱ्याने पुस्तक वाचलेलेच असते. त्याला हवे असते विद्यार्थ्याचे मत आणि त्या मताला कादंबरीतूनच दिलेला आधार.

‘या कादंबरीला नायक नाही, वाडी हीच नायक’ हे विधान उत्तरपत्रिकांत ठरलेले असते. ते चुकीचे नाही, पण नुसते उतरवून काही सिद्ध होत नाही. सगळी हकीकत मास्तरच ‘मी’ म्हणून सांगतो. मग नायकपद त्याच्याकडे का जात नाही? तालीम बांधताना तो किती करतो आणि वाडी किती करते? दुष्काळापुढे त्याचे काय चालते? या जागा पुन्हा वाचून उत्तर शोधले, तर तेच विधान विद्यार्थ्याचे स्वतःचे होते, किंवा त्याला ते खोडून काढता येते. दोन्ही उत्तरांना सारखेच मोल आहे.

आधार देताना एकच प्रसंग घ्यावा, पण तो नीट उलगडावा. वाडीतल्या शेकूकडे बैलांची जोडी नसते, तेव्हा त्याची बायको एका बैलाच्या बरोबरीने औत ओढते. ‘येथे गरिबीचे हृदयद्रावक चित्रण आहे’ असे लिहून विद्यार्थी मोकळा होतो; हे विशेषण कोणत्याही कादंबरीला चालले असते. त्याऐवजी प्रसंग किती ओळींत येतो, तो पाहताना मास्तर काय बोलतो, कुठे गप्प राहतो आणि त्या बाईचे मन वाचकाला कितपत कळते, हे टिपावे. यातूनच निवेदनाची ताकद कळते आणि मर्यादाही: परक्या गावात आलेल्या एका पुरुषाला जेवढे दिसले तेवढेच वाचकाला दिसते.

भाषेबद्दल ‘ओघवती’ म्हणून भागत नाही. मास्तरचे निवेदन साध्या प्रमाण मराठीत आहे, वाडीतली माणसे माणदेशी बोलीत बोलतात. या फरकामुळे मास्तरचे उपरेपण पानोपानी जाणवत राहते.

अवतरणे छोटी घ्यावीत आणि त्यांच्यापुढे पृष्ठक्रमांक द्यावा. आवृत्तीगणिक पाने बदलतात, म्हणून कोणती आवृत्ती वापरली तेही नोंदवावे. पहिला परिच्छेद मात्र सर्वांत शेवटी लिहावा, कारण आपले म्हणणे नेमके काय आहे हे बाकीचे लिहून झाल्यावरच पक्के होते.